बाबांच्या डोळ्याची भूल

ती. आई-बाबांस सा. नमस्कार.

बाबा, मोतीबिंदूच्या ऑपरेशनात लेन्स कोणती घालायची हे इंदूरला सगळेच सांगतील. भूल कशी देणार, हे मात्र तुम्ही स्वतः विचारा.

शेजारच्या काकूंचं नुसत्या थेंबांवर झालं, म्हणून तुमचंही होईल असं नाही. प्रोपॅराकेनच्या थेंबांनी डोळ्याचा वरचा भाग बधिर होतो, पण डोळा हलतोच. ‘दिव्याकडे बघा’ म्हटल्यावर तिकडेच बघावं लागतं, आणि तुमच्या कानातलं मशीन तर त्या वेळी बहुधा काढून ठेवतील.

पेरिबल्बर, म्हणजे डोळ्याभोवती द्यायच्या इंजेक्शनमध्ये खालच्या पापणीच्या बाहेरच्या बाजूने साधारण २५ मिलिमीटरची सुई घालून ५ ते ८ मिलिलिटर औषध देतात: बधिर करणारी लिग्नोकेन, ब्युपिवाकेन आणि औषध पसरावं म्हणून हायलुरोनिडेज. मग डोळ्यावर दाब देऊन दहाएक मिनिटं थांबतात. डोळा छान स्थिर राहतो. पण तुमचा चष्मा उणे ११ चा. बायोमेट्रीच्या, म्हणजे डोळ्याच्या मोजमापाच्या कागदावर ‘एएल’ हा आकडा बघा: डोळ्याची लांबी, मिलिमीटरमध्ये. तो बहुतेकांचा २३-२४ असतो. २६ च्या पुढे असेल तर डोळा लांब, मागची भिंत पातळ, कधी फुगीरही. सुई आत शिरण्याची भीती इथेच. शिवाय रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून तुम्ही घेता ती क्लोपिडोग्रेल चालू असताना सुईने डोळ्यामागे रक्त साचू शकतं.

म्हणून माझं मत सब-टेनॉनला, म्हणजे डोळ्यावरच्या पातळ आवरणाखाली सुईशिवाय औषध सोडण्याला. आधी थेंब टाकतात, मग नाकाकडच्या खालच्या कोपऱ्यात, बुबुळाच्या कडेपासून सुमारे ५ मिलिमीटरवर बारीक चीर देतात. तिथून बोथट, वाकडी नळी (कॅन्यूला) सरकवून ३ ते ५ मिलिलिटर औषध सोडतात. डोळा लालभडक दिसेल, पांढरा भाग फुगेल. आई, घाबरू नकोस, ते ओसरतं. औषध चिरेतून उलटं वाहिलं तर डोळा हलत राहतो, तेव्हा थोडं आणखी देतात.

क्लोपिडोग्रेल आपल्या मनाने बंद करू नका, स्टेंट आहे. प्रोस्टेटची टॅम्सुलोसिनही डॉक्टरांना आवर्जून सांगा: तिने बाहुली नीट मोठी होत नाही, बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा लुळा पडतो. आई, बाबांना घरी अर्धा तास उताणं झोपवून बघ. खोकला आला तर आधीच कळव. त्या दिवशी पोहे खायचे की उपाशी जायचं, हेही तिथेच विचार.

भूल उतरेपर्यंत काही तास पापणी पडेल, एकाचे दोन दिसतील. पट्टी असू द्या, जिना एकट्याने उतरू नका. जोराचा ठणका लागला किंवा दिसायचं कमी झालं तर सकाळची वाट न बघता लगेच फोन करा.

तुमची,
मंजू