रायगडाच्या सहलीत चवदार तळे हवेच

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या शनिवारी-रविवारी माझ्या बहिणीच्या कुटुंबाबरोबर एका प्रवासी कंपनीच्या बसने मी रायगडला जाऊन आले. गडावरच्या व्यवस्थेबद्दल माझी काहीही तक्रार नाही. सोबतच्या वाटाड्याने ६ जून १६७४ चा राज्याभिषेक, ३ एप्रिल १६८० रोजी झालेले महाराजांचे निधन आणि मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफांच्या माऱ्याने लागलेली आग, हे सारे त्या त्या जागी उभे करून मन लावून सांगितले. जगदीश्वराच्या मंदिराच्या पायरीशी ‘सेवेचे ठायी तत्पर’ असे कोरलेला, गड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांचा दगड आहे. माझी अकरा वर्षांची भाची तिथे उकिडवी बसली आणि एकेक अक्षर बोटाने गिरवत राहिली. पुस्तकातल्या धड्याने हे होत नाही.

परतीच्या वाटेवर बस जेवणासाठी महाडला तासभर थांबली. चवदार तळे तिथून चालत जाण्याच्या अंतरावर असताना ‘ते आपल्या कार्यक्रमात नाही’ असे आम्हाला सांगण्यात आले, आणि बसमधल्या बहुतेकांना त्यात काही वावगेही वाटले नाही. याचे मला फार वाईट वाटले. आम्ही चौघे जेवण आटोपते घेऊन तळ्यावर गेलो. पायऱ्या उतरून भाचीने पाण्यात हात बुडवला आणि विचारले, “एवढ्या पाण्यासाठी भांडण कशाला झालं?”

सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, हा सदस्य सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये संमत केला होता आणि महाड नगरपालिकेनेही त्यानुसार तळे खुले केल्याचा ठराव केला होता. कागदावर हक्क होता, पण तळ्यावर जाऊन तो बजावण्याची सोय नव्हती. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडला भरलेल्या अस्पृश्यांच्या परिषदेसाठी जमलेल्या लोकांसह तळ्यावर चालत गेले आणि त्यांनी ओंजळीने पाणी घेतले. त्यानंतर परिषदेला आलेल्या, परतीच्या वाटेवरच्या माणसांना मारहाण झाली आणि तळ्यात पंचगव्याच्या घागरी ओतून ते ‘शुद्ध’ करण्यात आले. डिसेंबरमध्ये पुन्हा परिषद भरली, तेव्हा मंडपाला जागा द्यायला कोणी तयार नसताना फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जागा दिली. न्यायालयाचा मनाईहुकूम असल्यामुळे सत्याग्रह तहकूब करावा लागला. मात्र २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्याचा दावा पुढे दहा वर्षे चालला आणि उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला तो १९३७ मध्ये. राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात विहिरी, तलाव आणि स्नानाचे घाट यांचा नाव घेऊन उल्लेख आहे. तो वाचताना महाडची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

विशेष म्हणजे, त्याच डिसेंबरच्या परिषदेनंतर बाबासाहेब स्वतः रायगड पाहायला गेले होते. ज्या दोन जागा त्यांनी एकाच प्रवासात पाहिल्या, त्यांतली एक दाखवून दुसरीवरून आपण बस पुढे का हाकावी? रायगडासह बारा किल्ल्यांचा २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला, त्यामुळे महाडमार्गे येणाऱ्यांची संख्या वाढतच जाणार. २० मार्च २०२७ रोजी चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला शंभर वर्षे होतात.

म्हणून प्रवासी कंपन्यांना आणि शाळांच्या सहली ठरवणाऱ्या शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे, की रायगडाच्या कार्यक्रमात महाडचे तळे आणि त्या लढ्याच्या स्मरणार्थ उभारलेला क्रांतिस्तंभ यांच्यासाठी एक तास राखून ठेवावा, आणि तिथेही गडावरच्यासारखाच जाणकार वाटाड्या द्यावा. आमच्या भाचीच्या प्रश्नाचे उत्तर मी माझ्या परीने दिले. बसमध्ये तिच्या वयाची आणखी सहा मुले होती. ती त्या वेळी हॉटेलातच बसून होती.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, पुणे