माउंट हेगनहून, लाइट गेलेली असताना

माउंट हेगन, पापुआ न्यू गिनी
रविवार, 14 डिसेंबर 2025

प्रिय बायो,

वर 'सप्रेम नमस्कार, विनंती विशेष' घालणार होते. मग आठवलं, थंडीत माझ्या चादरीत पाय खुपसून झोपायचीस तू. तुला कसली विनंती आणि कसली विशेष!

दुपारचे तीन वाजलेत, म्हणजे तुमच्याकडे साडेदहा. लाइट सकाळपासून नाही. रविवारी आमच्या मिशनची विमानं उडत नाहीत, त्यामुळे आमचे हे, म्हणजे कॅप्टन (तू ठेवलेलं नाव इथेही चालू आहे) उपासनेहून येऊन व्हरांड्यात आडवे झालेत. धाकटा शेजारच्या पोरांबरोबर चिखलात आहे. इथल्या एक मल्याळी सिस्टर मंगळवारी सुट्टीवर निघाल्यात, त्यांच्या बॅगेतून हे पत्र कोचीपर्यंत येईल आणि पुढे पोस्टाने. त्यामुळे या खेपेला फोनवर अंगठ्याने टाइप करणं नाही. हाताने लिहितेय, अक्षर लावून घे.

जानेवारीत मिरज स्टेशनवर, गाडी सुटायच्या ऐन वेळेला तू खिडकीतून विचारलं होतंस, "पण तुम्ही तिकडे जाऊन नक्की करणार काय गं? बाटवणार लोकांना?" गाडी हलली आणि उत्तर राहिलं. बरंच झालं. तेव्हा दिलं असतं तर ते पाठ केलेलं दिलं असतं. त्याआधीचं अख्खं वर्ष चर्चच्या मंडळ्यामंडळ्यांतून उभं राहून देणग्या मागताना घोकलेलं होतं ना. आम्हाला पगार नाही, हे तुला ठाऊक आहे. नगर, पुणे आणि आपल्या मिरजेतल्या काही मंडळ्या आणि वीसेक कुटुंबं दर महिन्याला पाठवतात, त्यावर हे घर चालतं. हात पसरायची लाज मला अजून गेलेली नाही.

तर आता ऐक. बाटवायला इथे कुणी शिल्लकच नाही. शंभरातले पंचाण्णवांहून जास्त लोक जनगणनेत स्वतःला ख्रिस्ती लिहितात. मार्चमध्ये तर इथल्या संसदेने हा ख्रिस्ती देश असल्याचं राज्यघटनेतच घालून टाकलं. मला काही ते रुचलं नाही. रविवारी पुढच्या बाकावर बसून डोळे मिटणारा माणूस सोमवारी टोळीच्या भांडणात कोयता घेऊन उभा असतो, हे मी पाहिलंय. घटनेतल्या ओळीने त्याचा कोयता खाली येत नाही.

मग विमान कशाला? अगं, रस्तेच नाहीत. राजधानी पोर्ट मोर्सबीहून आमच्याकडे मोटारीने येताच येत नाही. लाए बंदरातून हेगनपर्यंत एक महामार्ग येतो, तोही दरडी आणि खड्डे सांभाळत. त्याच्या दोन्ही अंगांना नुसते डोंगर. इथलं विल्हेल्म शिखर 4,509 मीटर. दोन कळसूबाई एकमेकींच्या डोक्यावर उभ्या केल्या तरी हजारावर मीटर उरतात. खिंड ओलांडली की भाषा बदलते. या एवढ्याशा देशात आठशेच्या वर भाषा आहेत, आणि सगळ्यांना जोडणारी टोक पिसिन. तिच्यात विमानाला 'बालुस' म्हणतात. मूळ अर्थ पारवा. दवाखाना म्हणजे 'हाउस सिक'. सुपारी म्हणजे 'बुआई', आणि तिच्या पिंका बघितल्या की मिरजेच्या स्टँडवर आल्यासारखं वाटतं. एक शब्द मात्र जिवाला लागला. 'वनटोक'. ज्याची बोली तुझी, तो तुझा वनटोक. तो दारात आला की जेवायला घालायचं, झोपायला जागा द्यायची, नाही म्हणायची सोय नाही. हेगनमध्ये आपले भारतीय आहेत थोडे, दुकानवाले, शिक्षक, सिस्टर्स. पण मराठी वनटोक वर्षभरात एकही भेटला नाही. म्हणून हे पत्र लांबतंय, सोसून घे.

सेवेचं चित्र माझ्या डोक्यात काय होतं म्हणशील, तर पायलटचा पांढरा शर्ट आणि पवित्र शास्त्राचे गठ्ठे. प्रत्यक्षात निघाला वजनकाटा. इथे सगळ्याचं वजन होतं, अगदी सगळ्याचं. एकाच इंजिनाचं सेसना कॅरॅवान, हवा विरळ (हेगनचा विमानतळच साधारण 5,400 फुटांवर), आणि पुढची धावपट्टी म्हणजे डोंगराच्या कडेला उतरतं गवताचं शेत. उतरायचं चढाकडे तोंड करून, उडायचं उताराकडे. बऱ्याच ठिकाणी एकच बाजू, खालच्या टोकाला दरी. एका हद्दीनंतर उतरायचं टाळताच येत नाही, कारण समोर डोंगर उभा असतो. म्हणून प्रत्येक पट्टी पायलटला अनुभवी माणसाबरोबर जाऊन वेगळी शिकावी लागते. कॅप्टन आमचे बारामतीला सपाट डांबरी पट्टीवर पोरांना शिकवणारे. पहिल्या महिन्यात घरी आले की बूट न काढता बसून राहायचे.

तर काटा. मी एकदा त्यांच्याबरोबर गेले होते, जागा रिकामी होती म्हणून. उतरलो तर सारा गाव गवतात बसलेला. गवतही त्यांनीच कोयत्यांनी कापलेलं. रांग लागली. एक म्हातारी अनवाणी काट्यावर चढली, डोक्यावरून पाठीवर सोडलेला बिलुम. ही इथली विणलेली झोळी. तिच्यात रताळी, कोबी आणि मध्येच एक कोंबडी, तिची फक्त मान बाहेर. कॅप्टननी कागदावर आकडा लिहिला. मागे कॉफीची पोती, हिरव्या बियांची. एक पोतं जास्त होत होतं. त्या माणसाने ते पोतं डोंगर उतरून दोन दिवस वाहून आणलेलं. वर्षाची पोरांची फी त्यात. ते तिथेच राहिलं. पुढच्या फेरीला नेऊ म्हणाले, आणि तो "तेनक्यू त्रू" म्हणाला. मी मान फिरवली.

आता जे लिहितेय ते घरी आईला सांगितलेलं नाही.

जूनमध्ये सकाळी सहाला रेडिओवर एका गावाहून निरोप आला. रात्री बाळंत झालेली बाई, वार अडकलेली, रक्त थांबत नाही. तुला मी काय सांगू, वॉर्डात आपण दोघींनी ते एकदा पाहिलंय. कॅप्टन वीस मिनिटांत उडाले. मी बेसवर औषधांच्या पेट्या लावत होते. तिथे मोठ्या पडद्यावर प्रत्येक विमानाचा ठिपका दिसतो. त्यांचा ठिपका खिंडीपाशी गेला आणि घिरट्या घालायला लागला. एक, दोन, पाच. खाली दरी ढगाने भरलेली. इथले जुने वैमानिक म्हणतात, इथल्या ढगांत दगड असतात. मिशनची विमानं या डोंगरांत 1951 पासून उडताहेत, आणि त्याच वर्षी ऑगस्टात पहिले वैमानिक हॅरी हार्टविग गेले. ठिपका वळला. परत आला. दुपारी पुन्हा प्रयत्न करायचा तर दुपारी ढग आणखी चढतात, ते रोजचंच.

दुसऱ्या दिवशी पहाटे आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ. ते उतरले तेव्हा बाई गेलेली होती. बाळ होतं. बाळाच्या मावशीला आणि बाळाला दवाखान्यात आणायचं ठरलं. मावशी काट्यावर चढली, मग तिने बिलुम उतरवून वेगळा ठेवला, कारण तिला वाटलं वजन वेगळं लिहितात. बिलुम, फडकं आणि आत ते बाळ, मिळून तीन किलो.

घरी येऊन कॅप्टन एवढंच म्हणाले, "तीन किलो." मग दोन दिवस काही नाही.

गावच्या लोकांनी शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं, असं ते फार नंतर बोलले. त्यांनी दिलं रताळ्यांचं पोतं. बाईच्या नवऱ्याने स्वतः विमानात ठेवलं. ते आमच्या स्वयंपाकघरात कोपऱ्यात आठ दिवस होतं. मी एकदा त्यातली चार किसून तुझ्या आईच्या पद्धतीने कीस केला, जिरं, मिरची, नारळ. तुझ्याकडे आषाढीला खायचो तसा. कॅप्टननी ताटाला हात लावला नाही. मी आणि धाकट्याने खाल्ला. बाळ जगलंय. मावशीकडेच असतं.

ते मागे वळले ते चूक होतं असं मला एकदाही वाटलेलं नाही. पण रात्री विमानाचा काहीही संबंध नसलेला आवाज, फ्रिजचा म्हण, सुरू झाला तरी ते उठून बसायचे. प्रार्थना मीच करायची, मोठ्याने. त्यांना शब्द फुटत नव्हते. सप्टेंबरपर्यंत असं चाललं.

आणि गंमत बघ, त्याच महिन्यात देणगीदारांपैकी एका वडीलधाऱ्या गृहस्थांचं पत्र आलं. सहामाही अहवालात आकडे कुठे आहेत? यंदा किती आत्मे जिंकले? वाचून मला तू आठवलीस. तुझा प्रश्न आणि त्यांचा प्रश्न एकच आहे गं, फक्त तू रागाने विचारतेस आणि ते आशेने. मी त्यांना एका साध्या आठवड्याची विमानातल्या मालाची यादी पाठवली. छपराचे पत्रे. कोंबडीची पिल्लं, खोक्यात भोकं पाडून. परीक्षेचे पेपर, मोहोर लावलेले. लसींची बर्फाची पेटी. शिक्षक, त्याची बायको, तीन मुलं आणि गादी. कॉफी. एका म्हाताऱ्याची शवपेटी, त्याच्या गावी. त्यांची देणगी अजून येते, म्हणजे रागावले नसावेत.

तुलाही हेच उत्तर. वर एक आठवण. तुझ्या आईचा मोतीबिंदू आपल्या मिशनच्या दवाखान्यात काढला, तो दवाखाना 1894 साली कॅनडाहून आलेल्या वॉन्लेस साहेबांनी सुरू केलेला. तुझ्या आईने तिथे कुणाचा देव कोणता हे विचारलं नव्हतं. तिने मला विचारलं होतं, "जेवायला कधी देणार?" वॉन्लेस साहेबांना कुणी बाटवणारा म्हणालं असेलच, आणि त्यांच्यात तसं काही नव्हतं असंही मी म्हणणार नाही. श्रद्धा नसती तर ते आले नसते, आम्हीही नसतो आलो. पण काट्यावर आम्ही ती ठेवत नाही.

माझं स्वतःचं म्हणशील तर वर्ष अर्धं वाया गेलं. नर्सिंगच्या नोंदणीचे कागद एका कचेरीत अडकलेत, दर वेळी एक नवाच दाखला मागतात. तोवर रुग्णाला हात लावायचा नाही. पंधरा वर्षं सलाइन लावलेल्या हातांनी मी पेट्यांवर चिठ्ठ्या चिकटवते. रडले एकदोनदा, पेट्यांमागे.

घरची बाकी खबर. थोरली उकारुम्पाच्या शाळेत, होस्टेलला आहे. टर्म संपल्यावर आली, उंचीने मला गाठलंय. तिला सोडून आलो त्या रात्री मी तिच्या उशीवर झोपले, हे तिला सांगू नकोस. धाकट्याचा अभ्यास मीच घेते. मराठी वाचतो, पण बोलतो भेसळीचं. परवा विचारलं, पाढे झाले का, तर म्हणे, "क्लोस्तु झाले." 'क्लोस्तु' म्हणजे जवळच, जवळपास. इथे कुठलंही गाव विचारा, क्लोस्तुच असतं, मग चालता चालता रात्र होते. सप्टेंबरच्या 16 तारखेला देशाच्या स्वातंत्र्याला 50 वर्षं झाली, तेव्हा हा गालांवर लाल-काळा झेंडा रंगवून फिरत होता. दोन दिवस धुतला नाही.

रताळं म्हणजे इथे 'काऊकाऊ', तिन्ही त्रिकाळ. आमचा बारमाही उपवास समज. तूरडाळ मिळते, महाग. पोहे नाहीत. कढीपत्त्याचं रोप एका तमिळ शिक्षकांनी दिलं, तीन पानांचं होतं, आता माझ्या कमरेला लागतं. नाताळच्या करंज्या उद्यापासून करायला घेणार. गेल्या आठवड्यात नमुन्याच्या केल्या तर शेजारीण बघत बसली, मग म्हणाली, आत डुकराचं मांस का नाही घालत? पंचवीस तारखेला तेच आहे, 'मुमु'. खड्डा खणून तापलेले दगड, केळीची पानं, डुक्कर, काऊकाऊ, वर माती. दुपारी उकरायचं. करंज्या मी बाजूला ताटात ठेवीन.

लाइट आली बघ. पंख्याचा आवाज झाला तसे कॅप्टन उठलेत, चहा मागताहेत. उद्या पहाटे त्यांची फेरी आहे, त्याच पट्टीवर. जूननंतर तिसऱ्यांदा.

सिस्टर फेब्रुवारीत परत येतात. त्यांना विचारून ठेवलंय, बॅगेत अर्धा किलो माझ्यासाठी. तर काळा मसाला तीनशे ग्रॅम, तुझ्या आईच्या हातचा, विकतचा नको. उरलेल्या दोनशेत जाडे पोहे. पिशवीचं वजन धरून मोज हां.

तुझीच,
खोली नंबर अकरा, खिडकीकडची खाट