मातीखालचा विस्तव

मा. संपादक,
स.न.वि.वि.

खानापूर तालुक्यात जांबोटीच्या पुढे आमची काजूची बाग आहे. गेल्या फेब्रुवारीत बागेच्या वरच्या अंगाला माळावर काही तरुण मुले तंबू ठोकून एक रात्र राहिली. पोरे चांगली होती, सकाळी जाताना प्लास्टिकचा कपटासुद्धा मागे ठेवला नाही. शेकोटीवर पायाने माती लोटली, वर दोन दगड ठेवले आणि विझली असे समजून निघून गेली. दुपारी वारा सुटला आणि नेमका तिथूनच धूर दिसला. ओले डहाळे तोडून आम्ही जळते गवत झोडपत सुटलो. शेजारच्या वाडीतली माणसे हातातले काम टाकून धावत आली, म्हणून बाग राहिली. कडेची अकरा झाडे मात्र ऐन मोहरात होरपळली.

सगळे शांत झाल्यावर ती शेकोटीची जागा मी काठीने उकरली. वरची माती हाताला गार लागत होती. वीतभर खाली एक जुने वाळके मूळ आतून लालबुंद होऊन धुमसत होते. त्या मुळाच्या वाटेने विस्तव दोन हात पुढे सरकला होता आणि तिथे गवताच्या बुडख्यात वर निघाला होता.

माझी आजी रात्री चूल आवरताना निखारे राखेत पुरून ठेवायची. पहाटे राख सारून फुंकर घातली की पुन्हा जाळ, काडी ओढायची गरजच नाही. झाकलेल्या निखाऱ्याला हवा बेताची मिळते, धग बाहेर जात नाही आणि तो रात्रभर जिवंत राहतो. विस्तव टिकवण्याची ही रीत आपल्या घराघरांत होती. आज माळावर विस्तव विझवायचा म्हणून लोक तेच करतात!

विझवायला पाणीच लागते. निघायच्या बऱ्याच आधी लाकूड घालणे थांबवावे, आहे ते जळून खाली बसू द्यावे. मग बाजूला उभे राहून थोडे थोडे पाणी घालावे. एकदम ओतले तर गरम वाफ आणि राख अंगावर येते. काठीने राख तळापर्यंत ढवळावी, अर्धवट जळलेली लाकडे उलटी करून खालची बाजू भिजवावी, पुन्हा पाणी घालावे. चर्रर्र आवाज थांबला तरी घाई नको. हाताची पालथी बाजू आधी राखेवर धरून पाहावी, धग लागली नाही तरच बोटांनी चाचपावे. कुठे कोमट लागले तर पुन्हा पाणी. लहान शेकोटीलाही एक-दोन घागरी सहज लागतात. एवढे पाणी जवळ नसेल तर ती पेटवूच नये.

पेटवायची तर उघड्या मातीवर, चारी बाजूंचा दहा फूट पालापाचोळा झाडून आणि वर फांदी नाही हे पाहून. मनगटाएवढी लाकडे पुरेत, ओंडके सकाळपर्यंत जळून संपत नाहीत. ओढ्यातले दगड आणून चूल मांडू नये. ओल धरलेला दगड तापला की आतल्या वाफेने फुटतो, आणि चिपा थेट तोंडावर उडतात.

हे झाले मालकीच्या जागेचे, तेही मालकाला विचारून. आमच्याच तालुक्यातले भीमगड अभयारण्य २०११ साली घोषित झाले. अभयारण्यात आग लावायला किंवा धोका होईल अशी जळती सोडून जायला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ ची बंदी आहे. पण कणकुंबी, हेम्मडगा भागात जंगल कुठे संपते आणि खासगी रान कुठे सुरू होते, हे बाहेरच्या माणसाला कसे कळावे? वनखात्याने हद्दीवर आगीविषयीचे फलक कन्नडबरोबर मराठीतही लावावेत, कारण इकडे कोल्हापूरकडची आणि गोव्याची मंडळीही येतात. तंबू भाड्याने देणाऱ्यांनाही माझी विनंती आहे. लाकडाच्या मोळीचे पैसे घेता, त्याच पैशांत पाण्याचे दोन कॅनही द्या.

आमच्या बागेच्या फाटकाशी नळ आहे. जाणाऱ्या-येणाऱ्याने केव्हाही हाक मारावी, रात्री-अपरात्रीसुद्धा. पाणी देऊ, आणि भरून न्यायला घागरही देऊ.

आपला,
एक काजू बागायतदार, ता. खानापूर, जि. बेळगाव