शिष्यवृत्तीचा शोध अकरावीतच सुरू व्हावा

महोदय,

बारावीचा निकाल लागला की गुणवंतांचे सत्कार होतात, शाल-श्रीफळ मिळते, फोटो निघतात. महिनाभराने त्यांच्यातलीच कितीतरी मुले पहिल्या हप्त्याच्या फीसाठी मामा-काकांकडे हात पसरत असतात. कनिष्ठ महाविद्यालयात शिकवून निवृत्त झाल्यापासून मी घणसोलीतल्या एका अभ्यासिकेत मुलांना शिष्यवृत्तीचे अर्ज भरायला मदत करते. योजनांचा तुटवडा नाही, हे मी खात्रीने सांगू शकते. त्या योजना मुलांना कळतात उशिरा, आणि कळतात तेव्हा हातात कागद नसतात.

शिष्यवृत्ती म्हटले की मुलांच्या डोक्यात मार्क आणि जात एवढेच येते. मी मात्र आधी विचारते, ‘बाबा कुठे कामाला आहेत? आई काय करते?’ ठाण्यातले वागळे इस्टेट असो की इकडे रबाळे-महापे-तुर्भ्याचा कारखान्यांचा पट्टा, आपल्याकडे हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा. एका मुलीला मी वडिलांची डिसेंबरची पगाराची स्लिप आणायला सांगितली. कपातीच्या रकान्यात ‘एलडब्ल्यूएफ’ आणि पुढे २५ रुपये. हे पैसे कशाचे, घरात कोणालाच ठाऊक नव्हते. हा कामगार कल्याण निधी. जून आणि डिसेंबरच्या पगारातून तो कापला जातो, मालकही आपला वाटा भरतो आणि रक्कम महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाकडे जाते. हेच मंडळ या कामगारांच्या मुलांना शिष्यवृत्ती देते. वर्षानुवर्षे पैसे भरणाऱ्या माणसाला आपल्या मुलीचा त्यावर हक्क आहे हे कोणी सांगितलेच नव्हते!

बांधकामावर जाणाऱ्यांसाठी वेगळे मंडळ आहे. नोंदणीकृत कामगाराच्या पहिल्या दोन मुलांना दहावी-बारावीत ५० टक्के मिळाले तरी १० हजार रुपये, पुढे पदवीला वर्षाला २० हजार, इंजिनिअरिंगला ६० हजार आणि मेडिकलला १ लाख रुपये मिळतात. मात्र त्यासाठी वर्षभरात किमान ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो आणि नोंदणीचे नूतनीकरण दरवर्षी करावे लागते. सकाळी नाक्यावर उभे राहणाऱ्या बापाच्या खिशात कार्ड असते, पण त्याची मुदत कधीच उलटून गेलेली असते. मुलाची बारावी झाल्यावर हे लक्षात येऊन काय उपयोग? नवी मुंबई महापालिकेचीही स्वतःची शिष्यवृत्ती आहे. विधवा आणि घटस्फोटित महिलांची मुले, सफाई कामगार, दगडखाण कामगार, नाका कामगार यांची मुले त्यात येतात. पालिकेच्या शाळांत शिकलेल्या मुलांनाही तिची माहिती नसते, याचे फार वाईट वाटते.

मग कागदांचे. ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतचा भाग ठाणे तालुक्यात येतो, म्हणजे उत्पन्नाचा दाखला ठाण्याच्या तहसीलदारांचा. निकालानंतर सगळ्यांची एकदमच घाई उडते, सेतू केंद्रांवर रांगा लागतात आणि दाखला अडकतो. तोच जानेवारी-फेब्रुवारीत अर्ज केला तर इतका त्रास होत नाही (फक्त दाखला कोणत्या आर्थिक वर्षाचा लागणार आहे ते आधी बघावे). जात पडताळणीचा अर्ज विज्ञान शाखेच्या मुलांना अकरावी-बारावीतच कॉलेजमार्फत करता येतो. पडताळणी समितीकडून त्रुटीचे पत्र आले, तर ती दुरुस्त करायला तेव्हा हाताशी वेळ असतो.

सर्वात जास्त अर्ज अडतात ते बँक खात्यावर. ‘बँकेत आधार दिलंय’ असे मुले सांगतात. पण खात्याच्या नोंदीत आधार असणे वेगळे आणि सरकारी अनुदान थेट जमा होण्यासाठी ते खाते आधारशी संलग्न असणे वेगळे. बँकेत त्यासाठी वेगळा फॉर्म भरावा लागतो. तो भरला नसेल तर अर्ज मंजूर होऊनही पैसे येत नाहीत, किंवा कधीकाळी उघडलेल्या भलत्याच खात्यात जाऊन पडतात. आधारवरचे नाव आणि दहावीच्या मार्कशीटवरचे नाव जुळते का, आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू आहे का, हेही तेव्हाच पाहून घ्यावे. महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती अर्जांच्या पोर्टलवर, ओटीपीशिवाय पाऊल पुढे पडत नाही.

मुलींच्या पालकांना एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. २०२४-२५पासून वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्काची १०० टक्के सवलत आहे. पण प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, झालेला हवा; मॅनेजमेंट कोट्यातून घेतला की हक्क गेला. माझ्या ओळखीतल्या एका मुलीला कॉलेजने ‘आधी पूर्ण फी भरा, शिष्यवृत्ती आली की परत करू’ असे सांगितले. प्रवेशाच्या वेळी अशी फी मागू नये अशा सरकारच्या सूचना असताना कॉलेजने असे वागणे मुळीच योग्य नाही. पालकांनी तिथे गप्प बसू नये, लेखी उत्तर मागावे.

कला आणि वाणिज्यची मुले तर ‘आपल्यासाठी काही नसतं’ असे धरूनच चालतात. बारावीच्या बोर्डात आपल्या शाखेत वरच्या २० टक्क्यांत असणाऱ्यांना केंद्र सरकारची पदवीसाठी वर्षाला १२ हजारांची शिष्यवृत्ती आहे, त्यातल्या निम्म्या जागा मुलींसाठी राखीव आहेत. उत्पन्नाची मर्यादा साडेचार लाख. नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर अर्ज करायचा आणि पुढच्या वर्षी नूतनीकरण विसरायचे नाही. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या लिंक उघडून ‘प्रोसेसिंग फी’ मात्र कोणी भरू नये. मुलाला मदत करायला बसलेली खरी संस्था त्याच्याकडूनच पैसे मागत नाही.

प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयाने हे काम एका शिक्षकाकडे सोपवावे आणि त्यासाठी त्याचे तास कमी करावेत. आहे त्या कामात भर घालून ते होणार नाही, हे मी शिक्षिका म्हणून सांगते. अकरावीच्या पहिल्याच पालकसभेत आई-वडिलांच्या कामाची माहिती भरून घ्यावी. ठाणे महापालिकेने प्रभाग समिती कार्यालयांत आणि नवी मुंबई महापालिकेने विभाग कार्यालयांत जानेवारीपासून एक मदत कक्ष चालवावा, तोही संध्याकाळी, म्हणजे रोजंदारीवरच्या आई-बापांचा खाडा होणार नाही. आणि आपल्या दैनिकाने ठाणे-नवी मुंबईच्या पानावर दर आठवड्याला एक छोटी चौकट द्यावी, ही विनंती. कोणती योजना सुरू झाली, शेवटची तारीख कोणती आणि कागद कोणते, एवढे त्यात असले तरी पुरे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, घणसोली