ठकीचं चित्र

ती. आई आणि बाबा,
सा. नमस्कार.

परवा फोनवर "एक काम चाललंय, लिहून कळवते" एवढंच म्हणाले आणि आईला घोर लागला. माझी तब्येत ठीक आहे, नोकरीही ठीक आहे. आपल्या कुत्रीचं, ठकीचं चित्र काढायला दिलंय. तैलरंगात, १६ बाय २० इंचांचं. फोनवर सांगितलं असतं तर बाबांनी आधी "कितीला?" विचारलं असतं आणि बोलणं तिथंच अडलं असतं. १४ हजार ठरलेत, निम्मे आगाऊ दिलेत. बाबा, हे पैसे मला जड नाहीत.

चित्रकार आपल्याकडचाच आहे, कोल्हापुरात शिकून पुण्यात स्थायिक झालेला. पहिल्याच भेटीत रंकाळ्याचा आणि संध्यामठाचा विषय निघाला. रविवारी टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये तुम्ही मला आबालाल रहिमानांच्या चित्रांपुढं उभं करायचात, ते आठवलं. "आधी लांबून बघ, मग जवळ जा," म्हणायचात. जवळ गेलं की झाड नाहीसं व्हायचं आणि नुसते रंगाचे फटकारे उरायचे. शाहू महाराज गेल्यावर आबालालांनी आपली चित्रं कोटितीर्थात सोडून दिली, ही ऐकीव गोष्टही तुम्हीच सांगितलेली. कितीतरी दिवस मी कोटितीर्थाजवळून जाताना पाण्यात रंग दिसतो का बघायचे.

चित्रकारांनी ठकीचे फोटो मागितले. दिवसाच्या उजेडातले, फ्लॅश न मारलेले आणि तिच्या डोळ्यांच्या उंचीवरून काढलेले. माझ्याकडं दोनशेच्या वर फोटो आहेत, पण जवळजवळ सगळे उभ्यानं वरून काढलेले. त्यात नाक भलतंच मोठं आणि पाय आखूड. फ्लॅशच्या फोटोंत डोळे हिरवे चमकतात, कारण कुत्र्याच्या डोळ्यात मागच्या बाजूला उजेड परतवणारा एक पडदा असतो. आणि काळं कुत्रं म्हणजे मोबाईलला नुसता कोळशाचा ढीग! ते म्हणाले, "मी ट्यूबमधला काळा नुसता लावत नाही. गडद निळा आणि करडा तपकिरी मिसळून काळा करतो. मग पाठीवर निळी झाक येते आणि ऊन पडेल तिथं तांबूस." आई, मला लगेच तू आठवलीस. उन्हात केस वाळवत बसायचीस, ठकी शेजारी पसरलेली असायची आणि तू म्हणायचीस, "ही काळी नव्हे गं, करपलेल्या गुळाच्या रंगाची आहे." तुला तो रंग कधीच दिसला होता.

शेवटी दोन फोटो उरले. एक मी काढलेला, मैत्रिणीच्या कॅमेऱ्यानं. ठकी तेव्हा चार वर्षांची. अगदी स्वच्छ फोटो, केस न् केस दिसतो. तोच द्यायचं माझ्या मनात जवळजवळ ठरलं होतं. दुसरा बाबांनी गेल्या दिवाळीत पाठवलेला. हललेला, तिरका, कोपऱ्यात बाबांच्या चपलेचं टोक. तोंड पांढरं झालेलं, फाटका कान लोंबतोय. एका हातात भाकरीचा तुकडा आणि दुसऱ्यात मोबाईल असणार, म्हणूनच तो असा आलाय.

तो फोटो ते बराच वेळ बघत राहिले. "हा कुणी काढलाय?"
"बाबांनी."
"यात ती माणसाकडं बघतेय. बाकीच्यांत मोबाईलकडं."

रिक्षात बसल्यावर मला रडू आवरेना.

नववीत असताना धो धो पावसात शाळेजवळच्या गटारीतून मी तिला दप्तरात घालून आणली. "मी सांभाळीन, तुम्हाला काही करावं लागणार नाही," असं छातीठोकपणे सांगितलं होतं. बारावी झाली आणि मी पुण्याला आले. चार वर्षं ती माझी होती, पुढची दहा तुमची. तिच्या अंगावरच्या गोचिड्या आईनं वेचल्या. दात गेल्यावर भाकरी दुधात कुस्करून घातली, तीही गार करून. रात्री तीन वाजता उठून बाबांनी तिला अंगणात नेलं आणि शेवटच्या वर्षी तर पायऱ्या उतरवताना उचलून घेतलं, स्वतःचा गुडघा धरलेला असताना. मी चार दिवसांसाठी यायचे, तिच्याशी खेळायचे, फोटो काढायचे आणि परत. माझ्या मनातली ठकी चार वर्षांचीच राहिली. म्हातारी झाली ती तुमची ठकी. चित्र तिचंच काढायचं. मी बाबांचा फोटो दिला.

"डोळे काळेभोर करू का?" असं त्यांनी विचारलं होतं. मी नको म्हटलं. तो निळसरपणा मोतीबिंदूचा नाही, वयानं डोळ्यातलं भिंग कठीण होतं म्हणून तसं दिसतं, हे डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलं होतं ना? तो तसाच येऊ दे. कानही फाटकाच. चपलेचं टोक ते काढून टाकणार होते, ते मी ठेवायला लावलंय. पिल्लू असताना ठकीनं त्या कोल्हापुरीचा गोंडा कुरतडला होता आणि बाबांनी तो कधी बदलून घेतला नाही. चित्रातही त्या चपलेला गोंडा नसेल.

सध्या कॅनव्हासवर फक्त तपकिरी रंगात उजेड-सावली मांडून झालीय. केसाळ भाग एकेक केस काढून करत नाहीत, आधी अंगाचा घाट, मग कडेकडेनं थोडे केस. वरून सुकलं तरी जाड रंग आतून वाळायला काही महिने लागतात, म्हणून दिवाळीला आणेन ते वॉर्निश न केलेलं असेल. हात लावू नका, काच बसवू नका. माजघराच्या पश्चिमेच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते, तिथं नको. मागं बुचाचे तुकडे लावून घेते, म्हणजे हवा खेळेल.

आजी-आजोबांच्या फोटोंच्या ओळीत नको, हारही नको. बाबांच्या आरामखुर्चीसमोर लावू या, आणि खाली. बसल्यावर मान जरा झुकवून बघावं लागेल इतकं खाली. ती वर बघतेय ना.

आता एक काम. तिचा लाल पट्टा आईनं कपाटात ठेवलाय, मला माहीत आहे. फोटोत तो नारिंगी आलाय आणि चित्रकाराला खरा रंग बघायचाय. येत्या आठवड्यात कुरिअरनं पाठवा, दिवाळीला येताना परत आणते. आई, धुऊ नकोस. आहे तसाच पाठव.

तुमची,
मनू