पिंट्या, अर्नोल्डला त्याचे आई-बाप सापडले

शहापूर, बेळगाव
रविवार, रात्री साडेअकरा

पिंट्या लेका,

फोनच करणार होतो, पण हे फोनवर मला नीट सांगायला जमणार नाही म्हणून टाईप करायलोय, लांब होणार आहे, सावकाश वाच. अर्नोल्डला त्याचे आई-बाप सापडले रे. आपला अर्नोल्ड, आडव्या डोक्याचा, निक चॅनेलवरच्या कार्टूनमधला. 'हे अर्नोल्ड'चा शेवटचा पिक्चर, 'द जंगल मूव्ही', 2017 मध्येच 24 नोव्हेंबरला तिकडं अमेरिकेत टीव्हीवर लागून गेलाय आणि मला ते कळलं परवा, म्हणजे बघ, इतकी वर्षं तो पिक्चर तयार आहे आणि आपण दोघं अजून त्या नकाशापाशीच उभे आहोत.

नकाशा आठवतोय ना? त्याला माळ्यावर बाबाची डायरी सापडते, रात्रभर वाचतो, आई-बाप सॅन लोरेन्झोच्या जंगलात कसे भेटले, हिरव्या डोळ्यांच्या लोकांना कसं वाचवलं, मग हा तान्हा असताना त्याच लोकांना झोपेचा आजार झाला म्हणून औषध घेऊन विमानानं गेले ते गेलेच. आणि सगळं वाचून संपलं असं वाटतं तेव्हा डायरीतनं तो नकाशा निघतो. आणि तिथंच संपलं. पुढचा भाग नाहीच. आपण दोघं आमच्या सोप्यात टीव्हीसमोर बसून होतो, मागच्या घरातले माग खट खट चालू होते, आणि तू एकदम उठून काही न बोलता माडीवर गेलास. त्या शनिवारी तुझे आई-पप्पा गोव्यासनं यायचे होते आणि चोर्ला घाटात दरड पडली म्हणून गाड्या बंद होत्या. मला तेव्हा कळलं नव्हतं तू का उठलास. आज्जीनं मला कांदेपोहे देऊन वर पाठवलं, तू कॉटवर उताणा पडून त्या काचेच्या कौलातनं पाऊस बघत होतास, आणि मला विचारलास, त्याला विमानाचं तिकीट कोण काढून देणार रे? मी म्हटलं, त्याचा आज्जा देईल की. तू म्हणालास, आज्जाकडं पैसे कुठं असतात.

हे वाक्य मी आजतागायत विसरलेलो नाही.

आपल्याला ते कार्टून एवढं का लागलं होतं त्याचा मी या दोन दिवसांत लई विचार केलाय. इंग्लिश आपल्याला अर्धं कळायचं, अर्धं आपण आपल्या मनानं लावायचो, तरी एक भाग चुकवला नाही. मला वाटतं ते घर आपलंच होतं. त्याचा आज्जा भाड्यानं खोल्या देतो, एक व्हिएतनामचा ह्यून, एक तो आयतं खाणारा कोकोश्का, एक इमारती पाडायचं काम करणारा बुटका अर्नी, आणि सगळे एका टेबलावर जेवायला. आणि आपला वाडा बघ, खाली धारवाडकडचे कन्नड मास्तर, मागं विणकर, कोपऱ्यातल्या खोलीत कारवारी काकू, आणि वर तुम्ही. मास्तर कन्नडमध्ये बोलायचे, तुझी आज्जी मराठीत उत्तर द्यायची, आणि दोघांचं भांडण नळाच्या पाण्यावरनं अर्धा तास व्यवस्थित चालायचं. बाहेर मोर्चा असो, बंद असो, पाट्यांना काळं फासलेलं असो, संध्याकाळी मास्तरांच्या घरातनं शेंगाहोळगी यायचीच. टीव्हीवर असलं घर मी दुसरं बघितलेलं नाही.

आणि आज्जी! अर्नोल्डची आजी त्याला त्याच्या नावानं कधी हाक मारते का, एकदा टेक्स, एकदा किंबा. आणि तुझी आज्जी तुला कायम तुझ्या पप्पांच्या नावानं हाक मारायची. आम्ही सगळे हसायचो, पण तू मात्र ओ द्यायचास.

त्याची खोली तर मी सांगायलाच नको. वर सगळं काचेचं छत, पडल्या पडल्या आभाळ. आपल्याकडं मंगळुरी कौलांत एकच काचेचं कौल, पण दुपारी त्यातनं ऊन्हाचा चौकोन खाली पडायचा आणि तू त्यात पाय घालून बसायचास.

बरं, एवढी वर्षं का लागली ते ऐक, मी सगळं वाचून काढलंय. हे ज्यानं काढलं तो क्रेग बार्टलेट, त्यानं अर्नोल्ड आधी मातीचा केला होता, 1988 मध्ये, शाडूच्या गणपतीसारखा हातानं घडवून एकेक फोटो काढून हलवलेला. मालिका आली 1996 च्या 7 ऑक्टोबरला. पाच सीझन, 100 भाग. जंगलाची गोष्ट मोठ्या पडद्यासाठी ठेवली होती, थेटरात दाखवायची म्हणून. पण त्याआधी टीव्हीसाठी एक साधा पिक्चर केलेला, गल्ली पाडायला निघालेल्या बिल्डरविरुद्धचा, तोच 2002 मध्ये थेटरात लावला आणि तो चालला नाही. तो चालला नाही म्हणून दुसरा रद्द. झालं. राहिलेले भाग इकडंतिकडं लावत 2004 मध्ये मालिका संपवून टाकली आणि पोरगं नकाशा हातात धरून राहिलं. एका पिक्चरचा गल्ला कमी झाला म्हणून एका पोराचे आई-बाप पंधरा वर्षं हरवलेले राहतात, मला हे वाचताना खरंच राग आला. पण लोकांनी सोडलं नाही, जी पोरं बघत मोठी झाली ती लिहीत राहिली, मागत राहिली, आणि शेवटी त्याच बार्टलेटला परत बोलावून तो पिक्चर करून घेतला.

हेल्गाचा, म्हणजे त्याच्या वर्गातल्या, वरवर त्याला छळणाऱ्या आणि आतनं त्याच्यावर जीव टाकणाऱ्या पोरीचा, आवाज तोच आहे! फ्रान्सेस्का मेरी स्मिथ, तेव्हा लहान पोरगी होती ती, आता मोठी बाई, पण त्या पोरीनं 'फुटबॉल हेड' म्हणून हाक मारली आणि माझ्या अंगावर काटा आला. अर्नोल्डचा आवाज मात्र नवीन पोराचा आहे. तो तेव्हाही बदलायचाच, पोरांचे आवाज फुटतात ना, दर एकदोन सीझनला नवा पोरगा. आणि एक गोष्ट वाचून मी गप्पच बसलो, अर्नोल्डच्या बाबाचा आवाज बार्टलेटनं स्वतः दिलाय. म्हणजे पोरगं काढलं त्यानंच, हरवलं त्यानंच, आणि शेवटी बाबा होऊन परत आलाही तोच.

आता गोष्ट सांगतो. तू गोष्टीच्या पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचणारा, तुला चालेल. वर्गाला सॅन लोरेन्झोच्या ट्रिपचं बक्षीस मिळतं, हेल्गानं बनवलेल्या व्हिडिओमुळं, पण ते बक्षीस म्हणजे लासोम्ब्रा नावाच्या लुटारूनं लावलेला सापळा असतो, त्याला अर्नोल्डच्या हातनं त्या हिरव्या डोळ्यांच्या लोकांचा खजिना गाठायचा असतो. मधला जंगलातला भाग पळापळीचाच आहे, ठीक आहे. पण ते लपलेलं गाव पिंट्या! तिथं मोठं माणूस एकही जागं नाही. सगळे झोपलेत, वर्षानुवर्षं, आणि गाव लहान पोरं चालवायलीत. आणि त्या झोपलेल्यांत त्याची आई आणि बाबा, शेजारी शेजारी. मेले नव्हते, सोडून गेले नव्हते, आजारी लोकांसाठी आले आणि त्याच आजारात झोपून राहिले. आणि औषध सोडायचं जे यंत्र आहे त्याला एक सोन्याचं काळीज लागतं, कोराझोन म्हणतात त्याला, ते तर गेलेलं असतं. मग हेल्गा आपल्या गळ्यातलं लॉकेट देते. तेच, अर्नोल्डचा फोटो असलेलं, जे पाच सीझन सगळ्या जगापासनं लपवून छातीशी धरलेलं. ते बरोबर बसतं आणि गाव जागं होतं. मी रडलो. बायको विचारायली काय झालं, मी म्हटलं काही नाही, लॉकेट बसलं.

आणखी एक. त्याचं आडनाव कधीच सांगत नव्हते, आठवतंय? आपण पैज लावली होती. आडनाव शॉर्टमन. आज्जा त्याला पहिल्या भागापासनं 'शॉर्टमन' म्हणून हाक मारायचा, आपल्याला वाटायचं ठेंगू म्हणून लाडानं म्हणतोय. आज्जा कायम आडनावानंच हाक मारत होता.

एका गोष्टीनं मात्र माझं समाधान झालं नाही. आई-बाप उठतात, मिठ्या मारतात, सगळे मिळून घरी येतात, आणि पाचदहा मिनिटांत संपलं. मला त्याच्या पुढचं पाहिजे होतं. पहिल्या रात्री जेवताना ते काय बोलले? आईला कळलं का की याला दूध आवडतंय का नाही? तुझे आई-पप्पा कायमचे परत आले तेव्हा आपण दहावीत होतो, आणि तू मला म्हणालास की पप्पा खोलीत आले की मी उठून उभा राहतोय आणि ते मला बस म्हणतात आणि मग दोघं गप्प. खाज्याचा पुडा घेऊन सहा महिन्यांतनं एकदा येणारा बाप आणि रोज घरात असणारा बाप हे दोन वेगळे असतात हे मी तुझ्याकडं बघून शिकलो. ते कुठलाच पिक्चर दाखवत नाही.

म्हणून लिहायलोय. मागच्या महिन्यात तू म्हणालास, पुण्यात ते तुझ्याकडंच असतात, पण बोलणं म्हणजे गोळ्या घेतल्या काय, जेवला काय, एवढंच. तर हा पिक्चर एकटा बघू नको. पप्पांना शेजारी बसव. दीड तासाच्या आतच आहे. त्यांना आधी डायरीची गोष्ट तू सांग, मराठीत, जशी मला सांगायचास तशी, आणि त्या शनिवारी दरड पडली होती तेपण सांग. त्यांना ठाऊक नसणार की तू दोन दिवस त्या कौलाखालनं हलला नव्हतास.

आणि हो, वाड्याचं सांगायचं राहिलं. मालकांनी कौलं उतरवायला घेतलीत, स्लॅब टाकणार आहेत, मास्तर तर केव्हाच मुलाकडं गेले. मी मिस्त्रीला आधीच सांगून काचेचं कौल वेगळं काढून घेतलं, एका कोपऱ्याला टवका उडालाय, बाकी शाबूत आहे. पोत्यात गुंडाळून आमच्या कपाटावर ठेवलंय. पार्सलनं पाठवणार नाही, फुटेल. गणपतीला पप्पांना घेऊन ये, आणि तेच घेऊन जाऊ देत हातातनं.

तुझाच,
बाळ्या