त्या इटलीवाल्याचं काय?

कोल्हापूर, 24 जून 2020

प्रिय मन्या,

इकडे सगळे बरे आहेत. आईचे गुडघे तसेच.

दीड वर्ष मी तुझा फोन उचलला नाही. पण शुक्रवारी आपल्या झानार्डीची, त्या इटलीच्या रेसिंग ड्रायव्हरची, बातमी वाचली आणि पहिल्यांदा तूच आठवलास. टस्कनीत पिएन्झाजवळ, हातानं चालवायच्या सायकलवरून रिले करत होता. उतारावर तोल गेला आणि समोरच्या ट्रकवर आदळला. डोक्याला, चेहऱ्याला भयंकर मार. सिएनाच्या दवाखान्यात बेशुद्ध ठेवलाय. वय 53. मन्या, हे कुणाला सांगू? ऑफिसात म्हणालो तर विचारतील, कोण झानार्डी?

तुझ्या मामांनी आणलेली ती अमेरिकेतल्या लागुना सेका ट्रॅकवरच्या शर्यतीची कॅसेट आठवते? 1996, शेवटची फेरी, कॉर्कस्क्रू नावाच्या वळणाच्या उतारावर पुढे असलेल्या हर्टाच्या आतून घुसला, धुरळा उडवत पलीकडे गेला आणि जिंकला. तू म्हणालास, चारी चाकं बाहेर गेली, रद्द करा. मी तीन आठवडे बोललो नव्हतो. आजही सांगतो, ती ओव्हरटेक शंभर टक्के खरी होती! पुढे 97 आणि 98 ला त्या अमेरिकन कार्ट मालिकेत तोच चॅम्पियन झाला आणि तुला आमच्या गल्लीत भजी खायला घालावी लागली. 99 ला फॉर्म्युला वनच्या विल्यम्स संघात एकही गुण नाही म्हणून तू भजी वसूल केलीस, ते वेगळं.

मग 15 सप्टेंबर 2001. जर्मनीतला लाउझित्सरिंग ट्रॅक. पुढे होता, 13 फेऱ्या राहिलेल्या. पिटच्या थांब्यातून बाहेर पडताना गाडी फिरली आणि टॅग्लियानीच्या गाडीनं ताशी तीनशे किलोमीटरच्या वर वेगात मधोमध धडक दिली. दोन्ही पाय गेले, अंगात लिटरभरही रक्त उरलं नव्हतं. तू म्हणालास, आता त्यानं घरी बसावं. तो 2003 ला तिथेच परत गेला आणि राहिलेल्या 13 फेऱ्या पुऱ्या केल्या.

त्या 13 फेऱ्यांनीच मला बिघडवलं बघ. दादांचा साखरेनं पाय काढला, आणि मी सारखा झानार्डीच त्यांच्या डोक्यावर मारत राहिलो. दादा जयपूर फूटला हात लावत नव्हते, खाटेवरून उठत नव्हते. अमेरिकेतल्या डेटोनाच्या शर्यतीच्या वेळी तू आला होतास. मी मोबाइल त्यांच्यासमोर धरून ओरडलो, "बघा, दोन्ही पाय नाहीत आणि 24 तासांच्या शर्यतीत उतरलाय! तुमचा एक तर आहे!" तू बाहेर आलास आणि म्हणालास, "सगळ्यांनी झानार्डी व्हायलाच पाहिजे का?" मी तुला नको ते बोललो.

तू निघून गेल्यावर काय झालं ते तुला माहीत नाही. रात्री दादांनी हळूच विचारलं, "ब्रेक कशानं मारतो रे तो?" एकतीस वर्षं एसटी चालवलेला माणूस! मी सांगितलं, आधी बीएमडब्ल्यूत नकली पायानंच, कंबरेचा जोर लावून ब्रेक मारायचा, ॲक्सिलरेटर स्टीअरिंगवरच्या कड्यानं. तसाच 2005 ला जर्मनीत ओशर्सलेबेनला शर्यत जिंकला. डेटोनाला पाय काढून ठेवले आणि ब्रेकही हातानं. दादा बराच वेळ हवेत हात फिरवून बघत होते. मग म्हणाले, घाटात हे जमणार नाही. पण दुसऱ्या दिवशी पाय मागितला.

हातसायकलवर लंडन 2012 पॅरालिम्पिकची दोन सुवर्णपदकं, रिओची दोन, सगळं त्यांना पाठ झालं. नकली पाय केले तेव्हा त्यानं स्वतःची उंची वाढवून घेतली, हे ऐकून ते इतके हसले की आई धावत आली. हल्ली आंगणात चार फेऱ्या मारतात.

आणि आता रोज सकाळी चहाआधी एकच प्रश्न, "त्या इटलीवाल्याचं काय?" मी म्हणतो, स्थिर आहे. काल मात्र ते उठले नाहीत. पाय भिंतीशी तसाच उभा. मला बोलायला काही सुचत नाही. दीड वर्ष मी त्यांना त्याच्याच जोरावर चालवलं. तुझं बरोबर होतं, मन्या. त्या दिवशी ते कबूल करायला हवं होतं.

तुझी नोकरी टिकली ना? पगार कापला असं ताई म्हणाली. पिल्लाची शाळा मोबाइलवरच चालते का? वहिनींना नमस्कार.

ती कॅसेट तुझ्याकडेच आहे ना? दादांना तो कॉर्कस्क्रू बघायचाय. चाकं बाहेर गेली की नाही ते आपण सांगतो, म्हणतात. जपून ठेव, रस्ते सुरू झाले की मी न्यायला येतो.

तुझा,
बाळ्या